शेड कार्ड शेवटी उघडा

घराचं काम काढलेली माणसं माझ्याकडे येतात तेव्हा बहुतेकांच्या हातात दोन गोष्टी असतात. एक शेड कार्ड, म्हणजे रंगांच्या नमुन्यांचं पुस्तक, चार-पाच पानांचे कोपरे दुमडलेलं. आणि दुसरा मोबाइल, त्यात कुठल्या तरी परदेशी घराचा फोटो. "ताई, हा रंग आमच्या हॉलला कसा दिसेल?" मी विचारते, "खाली फरशी कुठली आहे?" मग नवरा-बायको एकमेकांकडे बघतात. बारा वर्षं रोज पुसलेल्या फरशीचा रंग दोघांनाही धड सांगता येत नाही. तो म्हणतो पांढरी, ती म्हणते क्रीम.

मी एकवीस वर्षं पुण्यात घरांची आतली कामं करते. सिंहगड रोड, वारजे, कोथरूड. साडेपाचशे ते नऊशे चौरस फुटांचे फ्लॅट, बंगला क्वचित. माझे वडील साताऱ्यात रंगारी होते. मे महिन्याच्या सुट्टीत मी त्यांच्याबरोबर जायचे, चुन्यात नीळ कालवायचं काम माझं. नव्या घरात शिरल्यावर वडील भिंतीकडे बघायचेच नाहीत. आधी खाली बघायचे, मग खिडकीबाहेर, आणि मग मालकाला म्हणायचे, "रंगाचं उद्या बोलू." मला तेव्हा वाटायचं, हे कामाची टाळाटाळ करतायत. स्वतःच्या घरात फसले तेव्हा कळलं ते काय बघत होते.

तर या सगळ्या लेखाचा क्रम तोच आहे. फरशी, उजेड, नजरेची भिंत, सामान, दिवे. रंग सगळ्यात शेवटी.

आधी खाली बघा

माझी फजिती अशी. २०१६च्या सुमारास जिकडेतिकडे ग्रे चालला होता. मीही माझ्या हॉलला ग्रे दिला, निळ्याकडे झुकणारा, फोटोत फार देखणा दिसणारा. काम संपल्यावर सासूबाई आल्या, चपला काढून आत दोन पावलं टाकली आणि म्हणाल्या, "आज फरशी पुसली नाहीस का?" पुसली होती, दोनदा. फरशी होती बिल्डरने दिलेली, दोन बाय दोनची क्रीम व्हिट्रिफाइड. त्या क्रीममध्ये गुलाबी झाक होती. एरवी ती दिसत नव्हती, पण शेजारी निळसर ग्रे आल्याबरोबर फरशी मळकट दिसायला लागली. सहा महिने सोसलं आणि भिंती परत रंगवल्या. फरशी बदलण्यापेक्षा ते स्वस्त होतं.

म्हणून पहिलं काम: प्रिंटरचा कोरा पांढरा कागद घ्या, दिवसाउजेडी फरशीवर ठेवा आणि उभ्यानेच बघा. "पांढरी" फरशी कागदाशेजारी लगेच आपली जात सांगते. पिवळट, गुलाबी, हिरवट किंवा राखाडी. जी झाक दिसेल ती कागदावरच लिहून ठेवा. पिवळट किंवा गुलाबी फरशीला उबदार रंग चालतात: मातीचे, गव्हाळ, बदामी, शेवाळी हिरवा. राखाडी किंवा हिरवट फरशीला, म्हणजे कोटा, शहाबाद किंवा तसल्या टाइल्सना, स्वच्छ पांढरा, निळसर आणि गडद हिरवा छान बसतात. गेरूसुद्धा बसतो, कारण करड्या दगडावर गेरू आपण पिढ्यान्‌पिढ्या बघत आलोय.

फॅशनचं म्हणाल तर सध्या ती योगायोगाने आपल्या बाजूची आहे. ग्रे गेला, मातकट आणि उबदार रंग आले. पॅन्टोन ही अमेरिकन कंपनी २०००पासून दर वर्षाचा एक रंग जाहीर करते. २०२४चा होता पीच फझ, २०२५चा मोका मूस म्हणजे दूध घातलेल्या कॉफीसारखा, आणि २०२६चा क्लाउड डान्सर, म्हणजे चक्क पांढरा. वडिलांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे सफेदीच ना?" तुमच्या फरशीची झाक त्या कंपनीला माहीत नाही, एवढं ध्यानात ठेवून ही यादी गंमत म्हणून बघा.

आणि तुमच्या जुन्या घरात मोझॅक असेल तर कृपा करून फोडू नका. हे मी हात जोडून सांगते. सहकारनगरमध्ये एका निवृत्त जोडप्याला मोझॅकवर नवीन टाइल्स चढवायच्या होत्या. मी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. एक, फरशीवर फरशी चढली की प्रत्येक दार खालून कापावं लागतं आणि बाथरूमच्या उंबऱ्याचं गणित बिघडतं. दोन, हेच ठिपके आज टेराझो या नावाने विकत मिळतात. काकांना दुसरी गोष्ट पटली, काकूंना पहिली. मग मशीन लावून घासून घेतलं, आधी जाड दगड, मग क्रमाने बारीक. तीन दिवस घरभर राखाडी रबडी. (ही रबडी मोरीत सोडायची नाही. आत बसून सिमेंटसारखी घट्ट होते आणि पाइप तुंबतो. बादलीत भरून बाहेर न्यायला सांगा आणि समोर उभे राहा.) चौथ्या दिवशी चाळीस वर्षांच्या मेणाखालून हिरवे, काळे आणि गर्द मरून ठिपके वर आले. काकूंनी त्यातल्या एका मरून ठिपक्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हा." हॉलच्या एका भिंतीचा रंग तिथेच ठरला. शेड कार्ड आम्ही फक्त त्याचा नंबर शोधायला उघडलं.

नक्षीच्या सिमेंट टाइल्सही परत आल्यात. भारत फ्लोअरिंग्ज मुंबईत १९२२पासून त्या बनवतंय, आणि दक्षिणेत चेट्टिनाडच्या बाजूला आथंगुडीत अजून काचेवर रंग ओतून हाताने पाडतात. सगळ्या घरात घालू नका, डोळे दुखतात. बाल्कनी, पॅसेज किंवा देवघरापुढचा चौकोन, एवढ्यात त्यांची हौस भागते. सिमेंट टाइल डाग पिते, त्यामुळे सीलर मारल्याशिवाय तिच्यावर तेलाचा डबा ठेवायचा नाही.

एक सुट्टीचा दिवस खोलीत बसून काढा

सकाळी नऊ, दुपारी एक, संध्याकाळी पाच आणि रात्री दिवा लावून. चार वेळा एकाच जागेवरून मोबाइलने फोटो काढा. एवढं केलंत तर निम्मी चूक टळते.

पश्चिमेच्या हॉलमध्ये संध्याकाळी ऊन पिवळं-नारिंगी होऊन आत येतं. तिथे टेराकोटा लावला तर पाच वाजता भिंत पेटल्यासारखी दिसते. हिरवट किंवा फिकट रंग तिथे शांत राहतो. उत्तरेच्या खोलीत उजेड दिवसभर एकसारखा आणि जरा थंड असतो. तिथे तोच टेराकोटा खुलतो. दक्षिणेच्या खिडकीची गंमत वेगळी. पुण्यात सूर्य मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारी डोक्याच्या उत्तरेला असतो, बाकी वर्षभर दक्षिणेला. त्या दोन टोकांना शून्य सावलीचा दिवस येतो, शाळेत मुलांना दाखवतात तो. थंडीत सूर्य खाली उतरतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून ऊन थेट सोफ्यापर्यंत येतं. गडद कापड, पॉलिश केलेलं लाकूड आणि पैठणीची फ्रेम तिथे दोन-तीन हिवाळ्यांत उडते.

अजून एक, जे कोणी सांगत नाही. समोरची इमारतही तुमच्या हॉलला रंग लावते. वारज्याला एका घरात ऑफव्हाइट भिंत दुपारी पीच दिसायची. कारण शोधलं तर समोरच्या सोसायटीने त्याच वर्षी बाहेरून नारिंगी रंग दिला होता. खिडकीसमोर मोठं झाड असेल तर तुमचा पांढरा हिरवट होणार, हे धरून चाला.

गणपती कुठे बसतो?

इंटिरिअरच्या भाषेत फोकल पॉइंट म्हणतात. खोलीत शिरल्यावर नजर जिथे जाऊन थांबते ती जागा. तो कसा शोधायचा यावर लोक पुष्कळ बोलतात. मी एकच प्रश्न विचारते: तुमच्याकडे गणपती कुठे बसतो?

उत्तराला कधी वेळ लागत नाही. "त्या भिंतीला. टीव्ही आत नेतो तेव्हा." ती भिंत घराने वर्षानुवर्षं घासून-पुसून निवडलेली असते. दारातून सरळ दिसते. समोर आरतीला पंधरा माणसं उभी राहतात. जवळ प्लग आहे, माळांसाठी. पलीकडे संडास नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय आडवा येत नाही. कुठलाही डिझायनर याहून जास्त निकष लावत नाही. ज्यांच्याकडे गणपती नसतो ते नाताळचं झाड किंवा लग्नाच्या वेळची बोहल्यासारखी सजावट कुठे केली ते सांगतात, आणि तीही तीच भिंत निघते.

आणि वर्षातले उरलेले दिवस त्या भिंतीवर असतो काळा टीव्ही, खाली लोंबणाऱ्या चार वायरी, सेट टॉप बॉक्स आणि त्यावर रिमोटची टोपली.

टीव्ही हद्दपार करा असं मी म्हणत नाही, घरात भांडणं लागतील. दोन वाटा आहेत. हॉल रुंद असेल तर टीव्ही बाजूच्या भिंतीला न्या आणि ही भिंत मोकळी ठेवा. तसं जमत नसेल तर टीव्हीमागची भिंतच गडद करा. करडा हिरवा, कॉफी, गडद निळा, जो फरशीला मानवेल तो. काळा पडदा गडद भिंतीत विरघळतो, पांढऱ्या भिंतीवर तो भोक पडल्यासारखा दिसतो. वायरी भिंतीतून घ्या. त्यासाठी पुट्टीच्या आधी झिरी मारून दोन इंची पाइप टाकून घ्या, नंतर इलेक्ट्रिशियन येईल तेव्हा तुमच्या नव्या रंगाची वाट लागेल. आणि टीव्हीखाली जमिनीपासून नऊ-दहा इंच वर, भिंतभर लांब, बुटका कट्टा करा. भाद्रपदात त्याच्यावरच मखर बसतं.

टीव्ही हलवता आला तर मग त्या भिंतीवर काय? एकच वस्तू. मोठी. सहा छोट्या फ्रेम्स, घड्याळ, "होम स्वीट होम"ची पाटी आणि विंडचाइम असं सगळं एका भिंतीवर असेल तर नजर थांबतच नाही, भाजी मंडईत फिरते तशी फिरते.

माझ्या हातून झालेल्या सगळ्या भिंतींमधली मला आवडणारी भिंत फारच कमी पैशांत झाली. कोथरूडच्या एका मुलीकडे आजीची गोधडी होती, जुन्या लुगड्यांची, हातशिलाईची, पेटीत घडी घालून ठेवलेली. आम्ही ती टांगली. टांगायची रीत सांगते, कारण लोक खिळे ठोकतात आणि कापड फाटतं. गोधडीच्या मागच्या बाजूला, वरच्या काठाशी, चार इंच रुंद सुती पट्टीची नळी हाताने शिवून घ्यायची. टाके फक्त मागच्या थरात, पुढे दिसायला नकोत. त्या नळीतून सागाची पॉलिश केलेली पट्टी सरकवायची, तिची टोकं दोन्ही बाजूंनी इंचभर बाहेर ठेवायची आणि ती दोन हुकांवर टेकवायची. वजन पूर्ण रुंदीवर वाटलं जातं. वर्षातून दोनदा उतरवून सावलीत झटकायची. ऊन येणाऱ्या भिंतीला लावायची नाही. मागचा रंग साधा, बदामी. त्या घरात येणारा प्रत्येक माणूस आधी त्या गोधडीजवळ जातो आणि लुगड्यांचे तुकडे ओळखत बसतो.

वारली करायची असेल तर स्टिकर लावू नका. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्याने काढायची ती कला आहे, जिव्या सोमा मशे यांनी ती कागदावर आणि कॅनव्हासवर आणून जगभर नेली, त्यांना २०११ला पद्मश्री मिळाली. पालघर, डहाणू, जव्हारच्या बाजूला आजही कलाकार कापडावर शेणा-गेरूचा हात देऊन मोठं काम करून देतात. तसं एकच घ्या. सोफ्याच्या रुंदीच्या दोन तृतीयांश रुंद असलं की डोळ्याला बरं वाटतं. चित्राचा मध्य जमिनीपासून साडेचार फुटांवर. पुस्तकी हिशोब याहून वरचा असतो, पण तो उभ्या माणसाचा. आपल्याकडे माणसं दिवाणावर मांडी घालून बसतात.

जुन्या वाड्याचं दार किंवा खांब आडवा लावायची टूम आहे. छान दिसतं. फक्त भिंत कशाची आहे ते आधी ठोकून बघा. विटांची असेल तर चालेल, हलक्या ब्लॉकची असेल तर लांब फास्टनर लागतील, जिप्सम बोर्डाची असेल तर विचार सोडा. आणि लाकडाला भोकं दिसली तर वाळवीचं औषध मारल्याशिवाय घरात घेऊ नका.

आता खाचांच्या पॅनेलबद्दल, ज्याला सगळे फ्लुटेड म्हणतात. आमच्या धंद्यात सध्या याच्याशिवाय कोणी बोलत नाही. मीही लावलं. एका घरी, पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीला, एमडीएफचं, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोर्डाचं. पहिला पावसाळा गेला. दुसऱ्या पावसाळ्यात पॅनेल फुगलं आणि मागून कुबट वास यायला लागला. भिंतीतून ओल येत होती आणि मी ती झाकून टाकली होती. माझ्या खर्चाने काढलं. त्या घरातल्या वहिनींनी तेव्हा सांगितलं, "बरं झालं. दर रविवारी टूथब्रशने धूळ काढत होते." फ्लुटेड लावायचंच असेल तर आतल्या, कोरड्या भिंतीला, चार फुटांपेक्षा रुंद नको, आणि झाडू कोण मारणार ते आधी ठरवा.

देवघर हॉलमध्येच असेल तर तीच नजरेची भिंत होऊ द्या, समोर दुसरी स्पर्धक नको. मागे वॉलपेपर किंवा सनमाईका लावू नका, समईची काजळी बसते. दगडाची एक पाटी लावा, पुसता येते.

सामान: तीनच

घरभर एक लाकूड, एक दगड, एक धातू. सागाचा सनमाईका हॉलमध्ये, अक्रोडाचा बेडरूममध्ये, पांढरं ग्लॉसी स्वयंपाकघरात, असं केलं की साडेसहाशे फुटांचं घर दुकानाच्या सॅम्पल बोर्डासारखं दिसतं.

प्लायवर शिक्का बघून घ्या. आयएस ३०३ हा साधा प्लाय, कपाटं आणि बेडसाठी. आयएस ७१० हा मरीन, उकळत्या पाण्याला टिकणारा. ओट्याखाली, सिंकखाली आणि बाथरूमच्या दारालगत ७१०च हवा. तिथे सुतार "तेच असतं हो ताई" म्हणेल. तेच नसतं. बिलावर नंबर लिहून घ्या आणि माल उतरताना प्रत्येक पाटीवरचा शिक्का बघा, सगळ्यात वरच्या पाटीवरचा नव्हे. आतून लायनर, म्हणजे पातळ सनमाईका, लावायला विसरू नका, आणि कडांना दोन मिलिमीटरची पट्टी. कडेतूनच पाणी शिरतं.

दगडाची परीक्षा घरी होते. दुकानातून हातभर तुकडा मागून आणा. त्यावर हळदीचं पाणी, तेल, कोकमाचं आगळ आणि लिंबाचा रस असे चार ठिपके टाका आणि रात्रभर ठेवा. सकाळी धुवा. जे उरलं ते कायमचं. कडाप्पा, कोटा, शहाबाद हे सगळे चुनखडीचे दगड, संगमरवरही त्याच जातीचा. लिंबू पडलं की पॉलिश उडून पांढुरका डाग पडतो, तो पुसून जात नाही. ग्रॅनाइटला यातलं फारसं काही होत नाही, म्हणून कंटाळवाणा असला तरी ओट्याला तोच बरा. सध्या तो चकचकीत न करता खरखरीत, चामड्यासारख्या पोताचा करून मिळतो, तो घ्या, दिसायलाही भारी. पांढऱ्या क्वार्ट्झवर पोळ्यांचा तापलेला तवा ठेवू नका, त्यात राळ असते, ती पिवळी पडते. कोटा आणि शहाबाद जमिनीला वापरा. उन्हाळ्यात अनवाणी चालायला त्याच्यासारखं काही नाही. मात्र ॲसिडने धुवायचा मोह आवरा.

वेताची जाळी परत आली. ती कपाटाच्या दारांना लावताना आधी पाण्यात भिजवून, ओली असतानाच ताणून बसवायची. वाळली की आपोआप ताठ होते. कोरडी लावली की वर्षभरात पोट सुटतं. चपलांच्या कपाटाला ती सगळ्यात उपयोगी, हवा खेळते. मुंबई-कोकणातल्या दमट घरात, भिंतीला चिकटलेल्या कपाटाला नको. बुरशी धरते.

आणि लाइमवॉश. ढगाळ, हात फिरवल्यासारखी दिसणारी चुन्याची भिंत. डब्यात मिळते, रुंद ब्रश फुलीच्या आकारात फिरवून लावायची. प्लास्टिक इमल्शनच्या जुन्या रंगावर खरा चुना धरत नाही. तो रंग खरवडून काढा किंवा त्याच कंपनीचा वेगळा प्रायमर मारा. पहिल्या हाताला भिंत भयंकर दिसते, घाबरून रंगाऱ्याला थांबवू नका. वाळल्यावर रंग बराच फिका होतो. मी वडिलांना अशी एक भिंत दाखवायला नेलं होतं, कौतुकाने. त्यांनी जवळ जाऊन बघितलं, मागे येऊन बघितलं, आणि हळूच मला म्हणाले, "आम्ही अशी भिंत सोडली असती तर मालकाने पैसे कापले असते."

बल्ब रंगाच्या आधी

हे उलटं वाटेल, पण नीट वाचा. आपण घरात जागेपणी असतो ते बहुतेक संध्याकाळी सातनंतर. म्हणजे भिंत दिसते ती दिव्यात. बल्बच्या खोक्यावर ६५०० के लिहिलेलं असेल तर तो निळसर पांढरा, ३००० के म्हणजे पिवळा, ४००० के मधला. दुकानात पिवळ्या उजेडात पसंत केलेली मातकट शेड घरच्या ६५००च्या ट्यूबखाली वाळलेल्या चिखलासारखी दिसते. दोष रंगाचा नाही.

पिवळा दिवा लावला की घरातली वडीलधारी मंडळी "अंधार करून ठेवलाय" म्हणतात आणि त्यांचंही खरं असतं, पेपर वाचता येत नाही. मी तोडगा काढते तो असा: छताला ४०००, नजरेच्या भिंतीवर आणि कोपऱ्यातल्या दिव्यात ३०००, आणि दोन्हींची बटणं वेगळी. ओट्यावर आणि कपडे निवडायच्या कपाटापाशी सीआरआय ९०चा दिवा. सीआरआय म्हणजे दिव्याखाली वस्तूचा रंग किती खरा दिसतो त्याचा आकडा. सीआरआय कमी असला की टोमॅटो तपकिरी दिसतो आणि काळा-निळा मोजा एकच वाटतो.

आता उघडा शेड कार्ड

इथपर्यंत आलात तर तुमच्याकडे फरशीची झाक, खोलीचा उजेड, एक भिंत आणि बल्ब ठरलेले आहेत. हजार-दीड हजार शेडमधून आता सात-आठच उरतात. त्यातल्या तीन निवडा आणि त्यांचे छोटे डबे आणा.

भिंतीवर हातभर पट्टे ओढू नका. आजूबाजूचा जुना रंग डोळ्याला फसवतो. दोन बाय दोन फुटांचे पातळ प्लायचे तुकडे घ्या, प्रत्येकावर दोन हात द्या, वाळू द्या आणि ते खोलीभर फिरवा. फरशीला टेकवून बघा, सोफ्यामागे, खिडकीशेजारी, पडद्याला लावून. तीन दिवस. रात्रीही. जो तुकडा तिसऱ्या दिवशी डोळ्यात येत नाही तो मोठ्या भिंतींचा, आणि जो सारखा बघावासा वाटतो तो नजरेच्या भिंतीचा.

शेडच्या मागे कधीकधी एलआरव्ही नावाचा आकडा असतो. शून्य म्हणजे काळा, शंभर म्हणजे पांढरा, म्हणजे भिंत किती उजेड परत देते ते. पस्तीसच्या खालची शेड घेतली तर त्या खोलीत एक दिवा वाढवायचा, असा माझा हिशोब. लहान खोली गडद करू नये असं म्हणतात ते मला पटत नाही. पॅसेज, टॉयलेट, अभ्यासाची खोली, यांना भिंती, छत, दाराची चौकट सगळं एकाच गडद रंगात बुडवलं तर कोपरे दिसेनासे होतात आणि जागा उलट मोठी वाटते. फक्त पांढरा पंखा आणि पांढरी बटणं बदला. नाहीतर काळ्या तळ्यात बगळा बसल्यासारखा पंखा दिसतो.

रंगाचं काम काढायच्या आधी ओल बघा. फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी घट्ट चिकटपट्टीने भिंतीला लावा आणि दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला दव धरलं तर ओल भिंतीतून येतेय. आधी बाहेरची भेग किंवा वरच्यांचं बाथरूम, मग रंग. नाहीतर पुढच्या श्रावणात पोपडे. काम पावसाळ्यात काढू नका, पुट्टी वाळत नाही आणि रंगारी थांबत नाही. दिवाळीच्या आधी सगळं पुणं रंग काढतं, तेव्हा चांगला रंगारी मिळत नाही. डिसेंबर ते मार्च निवांत असतो.

दहा बाय बाराची खोली, उंची साडेनऊ फूट, एक दार, एक खिडकी. भिंती भरतात पावणेचारशे चौरस फुटांच्या आसपास. दोन हातांना साधारण सहा-सात लिटर लागतो. रंगाऱ्याने वीसचा डबा सांगितला तर त्याच्या पुतण्याच्या घराचंही काम चालू आहे असं समजा.

भिंतीला हात न लागणाऱ्या खोल्यांत मॅट, म्हणजे बिनचमकीचा रंग द्या. चमक असली की गिलाव्याचा प्रत्येक खड्डा दिव्यात उठून दिसतो. मुलांच्या हाताच्या उंचीला आणि डायनिंगजवळ मात्र धुता येणारा.

काम संपलं की उरलेल्या रंगातला पाव लिटर काचेच्या बरणीत, तोंडापर्यंत भरून, घट्ट झाकण लावून ठेवा. आणि शेडचा नंबर, कंपनी, तारीख, कुठली खोली, रंगाऱ्याचा फोन हे सगळं माळ्याच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहा. मोबाइल बदलतो, डायरी हरवते, माळ्याचं दार कुठे जात नाही. आमच्या साताऱ्याच्या घरात फडताळाच्या दारामागे वडिलांच्या अक्षरात अशा एकोणीस ओळी आहेत. सगळ्यात वरची पुसट झालीय, पण वाचता येते: "माजघर. चुना दोन हात. नीळ जास्त झाली, पोरीने घातली."